मामेसासऱ्यांची खासगी जनगणना

आमच्या मामेसासऱ्यांना उभ्या आयुष्यात एकाही माणसाचा चेहरा लक्षात राहिला नाही आणि एकाही माणसाची बोली विसरता आली नाही. सख्खा चुलतभाऊ दारात आला तर ते आधी अनोळखी नजरेनं बघत राहत. तो "काय भो, वळखं नही का?" असं म्हणाला की मग त्यांचा चेहरा उजळायचा. "अरे, हा तर आपला दोंडाईच्याकडचा! 'नही' कसं ओढून म्हणतो बघा!" नाव त्यांना त्याच्यानंतर पाच मिनिटांनी आठवायचं. माझ्या लग्नाआधी मुलगी बघायला मी त्यांच्या बहिणीच्या घरी गेलो होतो. तिथे मुलीच्या मामानं काय विचारावं? नोकरी कायम आहे का, घर स्वतःचं आहे का, काहीतरी असं. मी तेव्हा जळगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नुकता लागलो होतो आणि या प्रश्नांची उत्तरं घोकून गेलो होतो. मामा पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "घरी बैल आहेत ना तुमच्या? त्यांना तुम्ही काय भाषेत बोलता?" मी गडबडलो. आमच्या घरी बैल होते आणि मी त्यांच्याशी अहिराणीतच बोलायचो, पण मुलगी बघायला गेलेल्या ठिकाणी ते कबूल करायची माझी तयारी नव्हती. खाली मान घालून कसंबसं सांगितलं. मामा माझ्या सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "द्या मुलगी. माणूस जनावराशी खोटं बोलत नाही." माझं लग्न असं माझ्या बैलांच्या पुण्याईवर जमलं.

मामा शिंदखेडा तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. भाषेचं हे वेड त्यांना जनगणनेच्या कामानं लावलं. सरकारी शिक्षकाला ते काम चुकत नाही. मामा तरुण असताना त्यांना पहिल्यांदा ती ड्यूटी लागली. खांद्याला पिशवी, हातात तक्ते, उन्हातून घरोघर हिंडायचं आणि माणसं मोजायची. त्या तक्त्यात एक रकाना होता, मातृभाषा. सांगेल ते लिहायचं, आपण सुचवायचं नाही, अशी वरून सक्त ताकीद. मामा एका घरी गेले. ओसरीवर एक म्हातारबा बसलेले. नाव लिहून झालं, वय लिहून झालं, मग मामांनी विचारलं, "आबा, मातृभाषा?" म्हातारबा म्हणाले, "आम्हनी भाषा मराठी शे, भाऊ. लिखी टाका मराठी."

मामा पेन हातात धरून बसून राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं, "आबा, घरात काय बोलता?" "मराठीच बोलतस ना! आम्हना घरमा बठ्ठा मराठीच बोलतस!" हे सगळं अस्सल अहिराणीत. मामा मला हा प्रसंग सांगताना दरवेळी इथे थांबायचे आणि माझ्याकडे असं बघायचे की जणू मी तो म्हातारबा आहे. "जवाईबापू, ज्या भाषेत तो बोलत होता, त्याच भाषेत तो सांगत होता की ती भाषा नाही. आणि मी काय केलं? मराठी लिहिलं. नियम होता." त्या गावातल्या सगळ्या घरांनी तसंच सांगितलं आणि मामांनी तसंच लिहिलं. कागदावर ते गाव मराठी झालं. गावाला त्याचा पत्ताही लागला नाही आणि गाव पुन्हा 'शे'-'नही' करत कामाला लागलं.

मामांच्या मनाला ते लागलं त्याला आणखी एक कारण होतं. ते त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. शाळेत ते स्वतः मराठी शिकवायचे आणि पोरांच्या वहीत 'शे' दिसलं की लाल शाईनं काट मारून वर 'आहे' लिहायचे. "म्हातारबाला मीच शिकवलं असं नाही," ते म्हणाले, "पण त्याच्या नातवंडांना तर मीच शिकवलं." शिकवायचं त्यांनी थांबवलं नाही, नोकरीच ती होती. पण त्या जनगणनेनंतर त्यांनी दुकानातून एक जाड, लांबोडकी वही आणली आणि स्वतःची जनगणना सुरू केली. तिच्यात सांगेल ते लिहायचं नाही, ऐकू येईल ते लिहायचं, हा नियम. माणसाला भाषा विचारली की तो शहाण्यासारखं उत्तर देतो, म्हणून विचारायचंच नाही. त्याला मोजायला लावायचं. मामांच्या सदऱ्याच्या दोन्ही खिशांत कायम भुईमुगाच्या शेंगा असत. एसटीत शेजारी बसलेल्या माणसापुढे ते मूठ धरायचे, "घ्या, मोजून पाच घ्या." माणूस बाहेर कुठल्याही भाषेत बोलो, बोटांनी वस्तू उचलत मोजायला लागला की आईनं शिकवलेले आकडेच तोंडात येतात, असा त्यांचा सिद्धांत होता. जळगावच्या कापडबाजारात एक दुकानदार होते. इतकं सफाईदार मराठी की आमच्या कॉलेजच्या प्राध्यापकांनी लाजावं. मामांनी शेंगा पुढे केल्या. दुकानदारांनी हसत हसत उचलल्या, "हिकु, ब, टे, चार, पंज." मामांनी तिथल्या तिथे वही काढली आणि आनंदानं ओरडले, "सिंधी!" दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. दुकानदारही आधी चपापले, पण मग त्यांनी मामांना आत गादीवर बसवून घेतलं, चहा पाजला आणि वारलेल्या आईबद्दल तासभर बोलले. मी साडीच्या पिशव्या सांभाळत बाहेर उभा.

अशा त्या वहीत किती बोली गोळा झाल्या याचा हिशेब मी ठेवला नाही. गुजराती होती, मारवाडी होती, तांड्यावरची गोरमाटी होती, पश्चिमेकडच्या डोंगरातली भिलोरी आणि पावरी होती. प्रत्येकीच्या खाली एक ते पाच आकडे, दोन-चार शब्द, आणि माणूस कुठे भेटला त्याची नोंद. माणसांची ओळखसुद्धा ते याच पद्धतीनं करून देत. जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्याच्या घरी शेजारचे गृहस्थ आले, तर मामा मला माझ्याच शेजाऱ्याची ओळख करून द्यायचे, "हे घरी गुजराती, दुकानात अहिराणी, ऑफिसात मराठी, आणि रिक्षावाल्याशी भांडताना हिंदी. चार भाषांचा माणूस आहे, नीट बसवा." माझ्या लग्नात त्यांनी बँडवाल्यांना शेंगा दिल्या आणि ते मोजत बसले म्हणून वरात अर्धा तास जागेवर उभी राहिली. सासूबाईंनी त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला. मामांना तो कळलाच नाही, कारण ते बँडमधल्या सनईवाल्याच्या मागे लागले होते. त्याचे 'चार' त्यांना संशयास्पद वाटत होते.

मामी रावेरकडच्या, केळीच्या मुलखातल्या. तिकडची बोली वेगळी. मामा-मामींच्या संसारात चाळीस वर्षं दोन भाषा नांदल्या. मामा 'माले' म्हणाले की मामी 'मले' म्हणायच्या आणि दोघांपैकी कोणीही आपलं अक्षर सोडलं नाही. मामींचं नवऱ्याबद्दलचं मत ठरलेलं होतं. पाहुण्यांसमोर पोह्यांच्या बश्या ठेवता ठेवता त्या सांगायच्या, "देवानं या माणसाले डोयेच द्याले नको व्हते. नुस्ते कानं दिले असते तरी यायचं चाललं असतं." मामा खूश होऊन पाहुण्यांना म्हणायचे, "ऐकलं? 'डोये'! 'ळ' नाही, 'य' आहे!" मामी कपाळाला हात लावून आत जायच्या. पण मामांच्या खिशातल्या शेंगा संपल्या की दुसऱ्या दिवशी त्या भाजून भरलेल्या असत, आणि त्या कोण भरतं हे मामांनी कधी विचारलं नाही, मामींनी कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या. आजारपण म्हणण्यासारखं काही नव्हतं, चार दिवसांत सगळं आटोपलं. मुलगा पुण्यात, त्यानं बरोबर चला म्हटलं, मामा गेले नाहीत. शिंदखेड्याच्या घरात एकट्यानं राहवेना, तेव्हा माझी बायको त्यांना पिंप्राळ्याला आमच्याकडे घेऊन आली. आलेला माणूस आमचे मामा नव्हतेच. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. खाली भाजीवाला ओरडत जायचा, भंगारवाला ओरडत जायचा, दोघांच्या हाळीत जमीन-अस्मानाचा फरक, पण मामा ढिम्म. एकदा कुल्फीवाला राजस्थानी पोरांशी त्यांच्या बोलीत बोलत होता. मी मुद्दाम म्हटलं, "मामा, ऐका जरा." त्यांनी मान हलवली. "कसाले मोजानं आते, जवाईबापू?" असं म्हणाले आणि वही ट्रंकेत आहे, तिथेच राहू द्या, म्हणाले. माझ्याशी ते सहसा मराठीत बोलत. ते वाक्य अहिराणीत आलं म्हणून मला जास्त लागलं.

माझी मुलगी सीमा धुळ्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. एका शुक्रवारी तिचा फोन आला. आवाज रडवेला. त्यांच्याकडे दहा दिवसांपूर्वी एक म्हातारी दाखल झाली होती. पारोळ्याच्या बाजारात गर्दीत पडली, डोक्याला खोक पडली, कोणीतरी भल्या माणसानं उचलून आणलं. बरोबर कोणी नाही, जवळ कागद नाही. जखम भरून आली होती. डोक्याचा फोटोही साफ होता. पण म्हातारी जे बोलते ते कोणाला कळत नाही. दवाखान्यातल्या एका पावरी बोलणाऱ्या आयाला बोलावलं, ती म्हणाली, आमची नाही. एका भिल्ल पेशंटच्या नातेवाइकांना विचारलं, ते म्हणाले, आमचीही नाही. तांड्यावरच्या एका माणसानं ऐकून हात वर केले. हिंदीत विचारलं तर म्हातारी प्रत्येक प्रश्नाला 'हाँ' म्हणते. नाव काय? हाँ. भूक लागली? हाँ. मुलं आहेत? हाँ. मुलं नाहीत? हाँ. डॉक्टर भले होते, त्यांनी आपल्या परीनं सगळं करून पाहिलं. पण शेवटी त्यांचंही मत झालं की ही भाषाच नव्हे, मार लागल्यानं बाईचं डोकं फिरलंय आणि ती बरळते आहे. सोमवारी तिला मनोरुग्णालयात पाठवायचे कागद तयार होत होते.

"बाबा, ती बरळत नाही," सीमा म्हणाली. "मी रोज तिची वेणी घालते. ती मला काहीतरी सांगते, मग थांबते, माझ्या उत्तराची वाट बघते. वेडा माणूस वाट बघतो का? तुम्ही आजोबांना घेऊन या."

मामांना सांगितलं तर ते म्हणाले, माझ्याच्यानं होणार नाही.  बायकोनं ट्रंक उघडली, वही काढून पिशवीत घातली, कढईत शेंगा भाजल्या आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशांत भरल्या. मामांनी खिसे चाचपले. मग चप्पल घालून दारात जाऊन थांबले.

शनिवारी सकाळच्या एसटीनं आम्ही धुळ्याला निघालो. एरंडोल गेलं, पारोळा आला, स्टँडवर माणसं चढली-उतरली, मामा खिडकीबाहेर बघत होते. एवढंच म्हणाले, "इथे पडली का ती बाई?" मी हो म्हटलं. त्यांनी एकाही माणसाला शेंग दिली नाही.

म्हातारी खाटेवर पाय वर घेऊन, भिंतीला टेकून बसली होती. काटकुळी, काळीसावळी, कपाळावर पट्टी, हातभर गोंदण. आम्हाला बघून तिनं पदर सारखा केला आणि आम्ही काही विचारायच्या आधीच म्हणाली, "हाँ." मामा स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. खिशातून मूठभर शेंगा काढून चादरीवर ठेवल्या. तिच्याकडे बघून 'मोज' अशी खूण केली. म्हातारीनं शेंगांकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हाँ." डॉक्टर दाराशी उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, पण आशाही नव्हती. मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

तेव्हा मामांनी शिक्षकाचा डाव टाकला. त्यांनी स्वतः मोजायला सुरुवात केली, मोठ्यानं, एकेक शेंग बाजूला सारत. "एक... दोन..." दोन बोटं दाखवली. मग तिसरी शेंग सरकवली आणि खुशाल चार बोटं वर केली, "चार!" पुढची सरकवली, "सात!" म्हातारीच्या कपाळाला आठी पडली. मामांनी शेंगा पुन्हा गोळा केल्या आणि पुन्हा चुकीचं मोजलं. तिसऱ्या वेळी मात्र तिला राहवलं नाही. तिनं मामांच्या हातावर फटका मारला, शेंगा स्वतःकडे ओढल्या आणि अडाण्याला शिकवावं तसं एकेक शेंग त्यांच्यासमोर आपटत म्हणाली, "मिया. बारिया. अफई. उफून. मोनोई."

मामांनी घाईघाईनं पिशवीतून वही काढली. पानं उलटताना ती पडेल की काय असं वाटलं म्हणून सीमानं खालून धरली. सगळ्या पानांवर 'दोन'ला बे, बी, दी, ब असलं काहीतरी होतं, 'तीन'ला तीन, त्रण, टे. अफई, उफून असलं काही कुठेच नाही. मी मनात म्हटलं, संपलं. तेवढ्यात मामांचं बोट वहीच्या शेवटाकडच्या एका पानावर थांबलं. अर्ध्या पानाची नोंद. 'मिया, बारिया, अफई, उफून, मोनोई. पाणी - डा. घर - उरा. रावेरचा बाजार. बाई डिंक विकते. डोंगरापलीकडची. कोरकू.' खाली कंसात लिहिलं होतं, 'हिच्या माहेरी गेलो असता.' हिच्या म्हणजे मामींच्या.

मामांनी वर पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "अक्का, उरा?"

 म्हातारीनं दोन्ही हातांनी मामांचं मनगट धरलं आणि बोलायला सुरुवात केली. ते बोलणं मी कधी विसरणार नाही. त्यात रडणं होतं, भांडण होतं, मध्येच हसणं होतं. दहा दिवसांचं साठलेलं सगळं ती एका माणसाच्या अंगावर ओतत होती, आणि त्या माणसाला घर आणि पाणी आणि पाच आकडे यापलीकडे एक अक्षर कळत नव्हतं. तरी मामा बरोबर जागा बघून "हं, हं" म्हणत होते. डॉक्टर पुढे येऊन मला हळूच म्हणाले, "म्हणजे ही भाषा आहे?" मामांनी ते ऐकलं. मान न वळवता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सातपुड्यात माझ्या-तुमच्या मराठीच्याही आधीपासून असेल. आपल्यालाच ऐकू आली नाही."

आता प्रश्न असा की ही बोली बोलणारं माणूस आणायचं कुठून. मामा व्हरांड्यात गेले, खिशातून फोन काढला आणि तो नुसता धरून उभे राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "हिच्या भावाला लावायला पाहिजे." मामींचे भाऊ रावेरकडे केळी भरायचं काम करत, त्यांच्याकडे डोंगरातले मजूर यायचे. पण मामी गेल्यापासून मामांनी तिकडे एकदाही फोन केला नव्हता. त्यांना तो आवाज ऐकवत नव्हता. मी म्हटलं, मी लावतो. त्यांनी मान हलवली आणि स्वतःच लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, "दाजी! तुमी! इतक्या दिसानं सय झाली आमची?" मामींसारखंच बोलणं.  मामांनी फोन एका कानाचा दुसऱ्या कानाला नेला आणि काम सांगितलं.

पाऊण तासानं फोन वाजला. मामींच्या भावानं केळीच्या बागेतून सुखलाल नावाच्या मजुराला हुडकून आणलं होतं. तो कोरकू होता. मामांनी फोन म्हातारीच्या कानाला लावला. पलीकडून चार शब्द आले असतील-नसतील, म्हातारीनं दचकून फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे बघितलं, आणि पुन्हा घट्ट कानाला लावला. मग पंधरा मिनिटं तिनं फोन कोणाला दिला नाही.

सुखलालनं आम्हाला हिंदीत सगळं समजावलं. तिचं नाव बुदियाबाई. मुलगा किसन आणि सून यांच्याबरोबर डोंगरातून पारोळ्याकडे कापूस वेचायला आली होती. बाजारात ती मागे राहिली, मुलगा पुढे गेला. पडली, डोळे उघडले तर ही जागा. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, लोखंडी खाटा, रोज येऊन कोणीतरी सुई टोचतं आणि प्रश्न विचारतं, म्हणजे आपल्याला तुरुंगात टाकलंय असं ती समजली. आणि मुलानं घरून निघतानाच बजावलं होतं की, आई, तुला त्यांची भाषा येत नाही, कोणी साहेबानं काही विचारलं तर 'हाँ' म्हणायचं, म्हणजे ते मारत नाहीत. म्हणून ती दहा दिवस इमानानं 'हाँ' म्हणत होती. सीमाला ती रोज एकच गोष्ट सांगायची, "पोरी, तू चांगली आहेस, माझ्या लेकाला निरोप दे."

हे ऐकून सीमा खाटेच्या कडेवर बसली आणि रडायला लागली. बुदियाबाई तिच्या पाठीवर हात फिरवू लागली. डॉक्टर आपल्या खोलीत गेले, सोमवारचे ते कागद घेऊन आले आणि आमच्यासमोर चौघडी करून ते कोटाच्या खिशात टाकले. "आजोबा," ते मामांना म्हणाले, "माझी आई घरी तुळू बोलते. मला येत नाही नीट." मामांनी त्यांच्यापुढे शेंगा धरल्या.

किसनचा शोध लागायला फार वेळ गेला नाही. सुखलालनं आपल्या माणसांत निरोप फिरवला, तो दुपारपर्यंत पारोळ्याजवळच्या एका शेतात पोचला. बिचारा दहा दिवस कापूस सोडून गावोगाव आईला हुडकत होता. रविवारी सकाळी तो आणि त्याची बायको दवाखान्यात आले. त्यानं आईला बघितलं आणि दारातच खाली बसला. आईनं त्याला आधी बोल लावले, भरपूर लावले, आणि मग कुशीत घेतलं. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हात इतका जड कधी नव्हता आणि इतका सैलही कधी नव्हता. "सुटली, जवाईबापू," ते म्हणाले, "सुटली बाई."

परत येताना मामांनी जळगावपर्यंत अख्ख्या एसटीला शेंगा वाटल्या.

त्यानंतर मामा पुन्हा मामा झाले. भाजीवाल्याला थांबवतात, कुल्फीवाल्याला खाली जाऊन भेटतात, बायको पुन्हा शेजाऱ्यांची माफी मागत फिरते. पण एक नवीन गोष्ट सुरू झाली. आधी मला कळेचना. दर गुरुवारी दुपारी मामा जेवण झालं की गॅलरीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. मला वाटलं मुलाचा फोन असेल. मुलाचा फोन रविवारी येतो. तो मराठीत विचारतो, "बाबा, औषधं घेता ना?" मामा मराठीत सांगतात, "घेतो." नातू पलीकडून "हाय आजोबा" म्हणतो आणि फोन आटोपतो. गुरुवारचं बोलणं मात्र तास तास चालायचं. एकदा चहा द्यायला म्हणून मी गॅलरीत गेलो, तर मामा सावकाश, अगदी मोकळेपणानं अहिराणीत बोलत होते. गुडघा दुखतो ते सांगितलं. शिंदखेड्याच्या घराच्या मागच्या शेवग्याला यंदा शेंगा आल्या नाहीत ते सांगितलं. मामी त्यांना काय काय बोलायच्या ते एकेक सांगत होते, आणि मध्ये मध्ये थांबून ऐकत होते. पलीकडून बाईचा आवाज येत होता. मी कान दिला. कोरकू.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मामा, बुदियाबाई?"

"हो. किसन लावून देतो फोन."

"पण त्यांना तुमचं काही कळत नाही."

"नाही कळत."

"आणि तुम्हाला त्यांचं?"

"माले तरी कोठे समजस?" मामा म्हणाले. त्यांनी चहाचा घोट घेतला. "तिचा बी माणूस गेला म्हणे. सुखलाल सांगत होता. मी मनी भाषामा बोलस, ती तिनी भाषामा बोलस. कोनी मधमा दुरुस्त करत नही."

गेल्या गुरुवारी तीन वाजून गेले तरी फोन आला नाही. मामा चारदा उठले, चारदा बसले. मी म्हटलं, डोंगरात रेंज नसेल.  मग फोन वाजला. किसन होता, आई मोह वेचायला गेली होती, आत्ता आली, म्हणाला. मामांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की घरातून बायकोनं "काय झालं?" म्हणून विचारलं. त्यांनी मला हातानं जा अशी खूण केली, खुर्ची उन्हातून सावलीत ओढली आणि फोन कानाला लावला.

"बोल वं, अक्का," ते म्हणाले. "मी ऐकी ऱ्हायनू."

मी दार लोटून घेतलं.